पिकअपची बॅटरी बदलायचीय? स्टिकरवरचा मोठा आकडा सगळ्यात शेवटी बघा

सेल्फ मारला आणि नुसतं टक-टक-टक झालं, की पिकअपवाला दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर जंपर केबल शोधतो, नाहीतर थेट दुकान गाठतो आणि म्हणतो, ‘सगळ्यात पॉवरफुल द्या.’ दुकानदार मग ज्या बॅटरीवर सीसीएचा, म्हणजे थंडीत सेल्फ मारायच्या ताकदीचा, आकडा सर्वांत मोठा असेल ती काढून देतो. व्यवहार पाच मिनिटांत उरकतो आणि दीड-दोन वर्षांनी पुन्हा तीच टक-टक सुरू होते.

माझा क्रम याच्या उलट आहे. आधी जुनी बॅटरी खरंच गेली आहे का ते तपासायचं. मग नवीन खोकं ट्रेमध्ये नीट बसेल का, गाडीला कोणत्या जातीची बॅटरी लागते आणि समोर आलेली बॅटरी किती ताजी आहे हे पाहायचं. सीसीएची पाळी त्यानंतर. लेख लांबला आहे, पण शेवटी एखाद्या संध्याकाळचंच काम आहे. लागणारं सामान म्हणजे एक मल्टिमीटर, दोन-तीन पाने, तारेचा ब्रश, खाण्याचा सोडा, हातमोजे आणि चष्मा.

दोष बॅटरीचाच आहे का?

हा टप्पा लोक सर्रास गाळतात. मीही एकदा गाळला होता. माझी जुनी डिझेल पिकअप सकाळी आळस करायची, म्हणून मी नवी बॅटरी टाकली. चार दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच. शेवटी इंजिनपासून चासीकडे जाणारी अर्थिंगची पट्टी रबराच्या आत पूर्ण हिरवी पडलेली सापडली. बॅटरी काढली तेव्हा ती बिचारी धडधाकट होती.

म्हणून सुरुवात अशी करा. गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी काहीही चालू न करता बॅटरीच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावा. साध्या लेड-ॲसिड बॅटरीत प्रत्येकी सुमारे २.१ व्होल्टचे सहा सेल असतात, त्यामुळे पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी आणि १२.० म्हणजे तळाला गेलेली. एजीएमचा (ॲसिड काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेल्या बॅटरीचा) आकडा थोडा वर, १२.८ च्या आसपास असतो. गाडी नुकतीच चालवून बंद केली असेल तर या आकड्यावर विश्वास ठेवू नका, कारण चार्जिंगचा वरवरचा फुगा तासन्‌तास टिकतो. घाई असेल तर हेडलाइट दोन मिनिटं लावा, बंद करा, थोडं थांबा आणि मग मोजा.

आकडा कमी आला म्हणजे बॅटरी मेली असं नव्हे. ती उपाशीही असू शकते. चार्जर लावून रात्रभर पूर्ण भरा, काही तास तशीच ठेवा आणि पुन्हा मोजा. भरूनही ती १२.४ च्या वर टिकत नसेल तर तिचे दिवस भरले. टिकत असेल तर खरी परीक्षा सेल्फच्या वेळी. एकाला सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही मीटर बघा. फार गारठा नसेल तर व्होल्टेज ९.६ च्या खाली जायला नको. दुकानातल्या लोड टेस्टलाही हाच आकडा असतो: सीसीएच्या निम्मा करंट १५ सेकंद ओढायचा आणि सुमारे २१ अंश तापमानाला व्होल्टेज ९.६ च्या वर राहतं का ते पाहायचं. अर्धवट भरलेल्या बॅटरीवर ही चाचणी केली तर चांगली बॅटरीही नापास होते. चार्ज न करता टेस्टर लावून कुणी ‘गेली’ म्हणालं तर आधी चार्ज करायला सांगा.

आता केबल. मीटरची एक तार बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरा आणि सेल्फ मारा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगमध्ये गडबड आहे. प्लस टर्मिनल ते स्टार्टरचा बोल्ट या वाटेवर अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. टर्मिनल आणि त्याचा क्लॅम्प यांच्यातसुद्धा मोजा. तिथेच पांढरट-हिरवा क्षार बसलेला असतो आणि सोड्याच्या पाण्याने धुतल्यावर अर्ध्या ‘मेलेल्या’ बॅटऱ्या उठून बसतात.

इंजिन चालू असताना टर्मिनलवर साधारण १३.८ ते १४.७ व्होल्ट दिसायला हवेत. १३ च्या खाली असेल तर चालू इंजिनात बॅटरी भरणारा अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा बघा. १५ च्या वर असेल तर त्याचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडलाय, तो नव्या बॅटरीलाही शिजवून काढेल. मात्र नव्या गाड्यांत अल्टरनेटर ‘स्मार्ट’ असतो, तो गरजेप्रमाणे व्होल्टेज मुद्दाम वर-खाली करतो. अशा गाडीत एका नजरेत निष्कर्ष काढू नका, दहा-पंधरा मिनिटं चालवून बघा.

राहिली छुपी गळती. गाडी बंद असताना घड्याळ, अलार्म, कंट्रोल युनिट मिळून ५० मिलीॲम्पिअरच्या आत ओढत असतील तर ठीक. तेवढ्यानेही दिवसाला १.२ ॲम्पिअर-तास जातात, म्हणजे ७० ॲम्पिअर-तासांची बॅटरी महिनाभर उभ्या गाडीत अर्धी रिकामी होते. डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, मागाहून बसवलेले दिवे असतील तर हिशोब आणखी बिघडतो. हा करंट मोजताना गाडी लॉक करून किमान अर्धा-पाऊण तास थांबा. सगळे मॉड्यूल झोपायला तेवढा वेळ घेतात, आणि दार उघडलं की पुन्हा जागे होतात.

एवढं सगळं ठीक असूनही बॅटरी चार-पाच वर्षांची असेल, पोट फुगलं असेल, टर्मिनलच्या मुळाशी ओल येत असेल किंवा कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर वाद संपला. बदला. वास येणाऱ्या किंवा फुगलेल्या बॅटरीला चार्जर लावून ‘बघू तरी’ असं करू नका.

खोकं, टर्मिनल आणि पट्टी

बॅटरीचा आकार ही हौसेची बाब नाही. पिकअप खड्ड्यांतून, कच्च्या रस्त्यावरून जाते आणि ट्रेमध्ये सैल बसलेली बॅटरी आतून खिळखिळी होते. प्लेटांवरचा लेप गळून तळाशी साचतो आणि एखादा सेल शॉर्ट होतो. म्हणून आकार तंतोतंत हवा.

जुन्या बॅटरीवरचा कोड वाचा आणि गाडीच्या पुस्तिकेशी ताडून बघा. दोन्ही ठिकाणी बघायचं कारण असं, की आधीच्या मालकाने चुकीची बॅटरी बसवलेली असू शकते. जगात कोडांच्या तीन पद्धती मुख्य आहेत. अमेरिकी पद्धतीत नुसता गट क्रमांक असतो: फोर्डच्या बऱ्याच पिकअपमध्ये ६५, जनरल मोटर्सच्या जुन्या पिकअपमध्ये बाजूला टर्मिनल असलेला ७८, नव्या गाड्यांत ४८ किंवा ९४आर. युरोपीय पद्धतीत आकार एच५, एच६, एच७, एच८ या नावांनी येतात. रुंदी १७५ आणि उंची १९० मिलिमीटर कायम, लांबी मात्र २४२, २७८, ३१५ आणि सुमारे ३५३ अशी वाढत जाते. अमेरिकी ४८ म्हणजेच एच६, ९४आर म्हणजे एच७ आणि ४९ म्हणजे एच८.

जपानी कोड मला सगळ्यात शहाणा वाटतो, कारण तो बरंच काही एका दमात सांगतो. ८०डी२६एल घ्या. ८० ही ताकदीची पायरी, डी हा रुंदी-उंचीचा वर्ग, २६ म्हणजे सेंटीमीटरमधली लांबी आणि शेवटचं एल किंवा आर म्हणजे टर्मिनल कोणत्या बाजूला. यातला पहिला आकडा थोडा वर गेला तर हरकत नाही, म्हणजे ८० च्या जागी ९५ चालतं. मधलं आणि शेवटचं बदलता येत नाही. स्टार्ट-स्टॉप (गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद-चालू करणाऱ्या) गाड्यांसाठी याच आकारांना वेगळी नावं आहेत: क्यू-८५ हे डी२३ च्या मापाचं, एस-९५ हे डी२६ चं आणि टी-११० हे डी३१ चं.

प्लस-मायनसची बाजू उलटी असलेली बॅटरी ट्रेमध्ये झकास बसते, फसवणूक तिथेच होते. २४ आणि २४एफ हे अमेरिकी गट दिसायला भाऊ-भाऊ, पण टर्मिनल उलट. मग केबल पुरत नाही आणि कुणीतरी ती ओढून-ताणून लावतो. किंवा सवयीने डावीकडची केबल डावीकडे लावतो आणि मुख्य फ्यूज, अल्टरनेटरचे डायोड एका ठिणगीत जातात.

टर्मिनलची जाडीही बघा. सर्वसाधारण जाड टर्मिनलचा प्लस वरच्या टोकाला सुमारे १७.५ मिलिमीटर आणि मायनस १५.९ असतो. काही जपानी बॅटऱ्यांचे टर्मिनल बारीक, १४.७ आणि १३ मिलिमीटरचे. जाड टर्मिनलचा क्लॅम्प बारीकवर कितीही आवळला तरी सैलच राहतो. प्लस नेहमी मायनसपेक्षा जाड असतो, खुणा पुसल्या गेल्या असतील तर तेवढ्यावरून ओळखता येतं.

शेवटी उंची आणि पट्टी. काही ट्रे बॅटरीला तळाच्या ओठाला धरतात, काही वरून आडव्या पट्टीने. नव्या बॅटरीला तो ओठ आहे ना, हे पाहूनच पैसे द्या. उंच बॅटरी घेतली तर बॉनेट लावताना टर्मिनल पत्र्याला टेकू शकतं. वरचे आणि बाजूचे अशी दोन्ही टर्मिनल असलेली बॅटरी मिळते, ती घेतली तर न वापरलेल्या टर्मिनलवरची टोपी फेकू नका. आडवी लोखंडी पट्टी त्याच्या अगदी शेजारून जाते.

बॅटरी सीटखाली किंवा बंद जागेत असेल तर गॅस बाहेर नेणारी नळी असते. नव्या बॅटरीला त्या नळीचं भोक त्याच बाजूला हवं. चार्जिंगमध्ये हायड्रोजन निघतो आणि हवेत तो ४ टक्के झाला की ठिणगीने पेट घेऊ शकतो.

साधी, ईएफबी की एजीएम?

नियम सरळ आहे. गाडीत कारखान्यातून एजीएम आली असेल तर एजीएमच टाका. ईएफबी आली असेल तर ईएफबी किंवा एजीएम. साधी आली असेल तर काहीही चालतं, पण एका अटीवर.

साध्या बॅटरीत प्लेटा पातळ ॲसिडमध्ये बुडालेल्या असतात. ईएफबी म्हणजे तीच सुधारलेली, वारंवार सेल्फ मारणं सहन करणारी. एजीएममध्ये ॲसिड काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेलं असतं आणि प्लेटा दाबून बसवलेल्या असतात. त्यामुळे हादरे ती छान झेलते, चार्ज लवकर घेते, खोलवर रिकामी झाली तरी साधीपेक्षा बरी सावरते आणि कलंडली तरी सांडत नाही. पिकअपसाठी हे सगळे गुण सोन्यासारखे आहेत.

पण एजीएमला जास्त व्होल्टेज मानवत नाही. जुन्या पिकअपचा रेग्युलेटर १४.८ च्या वर नेत असेल तर आतलं पाणी वायू होऊन झडपेतून निघून जातं, आणि वरून डिस्टिल्ड वॉटर टाकायला तिला बूचच नसतं. ती अट हीच. इंजिनला चिकटून असलेल्या, उष्णतेची ढाल नसलेल्या ट्रेमध्येही तिचं आयुष्य घटतं. अशा जुन्या गाडीत बूच असलेली साधी बॅटरी मला अजूनही आवडते. दोन महिन्यांनी पाणी बघायचा कंटाळा नसेल तर तिच्यासारखी सोशिक दुसरी नाही.

(एजीएमला पुष्कळ लोक ‘जेल बॅटरी’ म्हणतात. जेल वेगळी. तिचं चार्जिंग आणखी खालच्या व्होल्टेजवर करावं लागतं आणि इंजिन चालू करायला ती योग्य नाही.)

लिथियमचं आकर्षण मला कळतं, वजन निम्म्याहून कमी होतं. तरीही सेल्फसाठी मी ती टाकणार नाही. लिथियम आयर्न फॉस्फेटला शून्य अंशाखाली चार्ज करता येत नाही. रिकामी असताना ती इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापतो. तिच्या आतल्या संरक्षक सर्किटने चालू इंजिनात अचानक जोडणी तोडली तर व्होल्टेज उसळून गाडीची इलेक्ट्रॉनिक्स जाऊ शकते. मागच्या बाजूला दुसरी बॅटरी म्हणून ती उत्तम आहे, त्याबद्दल पुढे येतंच.

आता आकडे

सीसीए म्हणजे थंडीत सेल्फ मारायची ताकद. अमेरिकी एसएई पद्धतीत उणे १८ अंशाला ३० सेकंद किती ॲम्पिअर देऊनही व्होल्टेज ७.२ च्या वर राहतं, तो आकडा. युरोपीय ईएन पद्धतीत तापमान तेच, पण १० सेकंद आणि ७.५ व्होल्ट. जुन्या जर्मन डीआयएन पद्धतीत ३० सेकंदांनंतर ९ व्होल्ट हवेत, म्हणून त्याच बॅटरीचा डीआयएन आकडा बराच लहान दिसतो. दोन बॅटऱ्यांची तुलना करताना आकड्यापुढची ही अक्षरं आधी वाचा. आणि नुसतं ‘सीए’ किंवा ‘एमसीए’ लिहिलं असेल तर ती शून्य अंशाची चाचणी असते. तो आकडा सीसीएपेक्षा साधारण सव्वापट फुगलेला असतो. १००० एमसीए म्हणजे ८०० सीसीएच्या आसपास.

पुस्तिकेत जेवढा सीसीए दिलाय तेवढा किमान हवा. थोडा जास्त असला तर बिघडत नाही, स्टार्टर लागेल तेवढाच करंट घेतो. पण त्याच मापाच्या खोक्यातून फार मोठा सीसीए काढायचा तर प्लेटा पातळ करून संख्येने जास्त कोंबाव्या लागतात, आणि पातळ प्लेटा उष्णतेत लवकर झिजतात. कडाक्याच्या थंडीत हा सौदा रास्त आहे: उणे १८ अंशाला बॅटरी आपल्या ताकदीच्या ४० टक्क्यांच्या आसपास येते आणि घट्ट झालेलं ऑइल फिरवायला इंजिन मात्र जास्त ताकद मागतं. उष्ण हवेत उलट आहे. तापमान दर १० अंशांनी वाढलं की आतल्या रासायनिक क्रिया जवळपास दुप्पट वेगाने होतात आणि आयुष्य त्याच प्रमाणात घटतं. थंडीत बॅटरी बंद पडते खरी, पण तिला मारलेलं असतं आधीच्या उन्हाळ्याने. गरम भागात गाडी चालत असेल तर पुस्तिकेतल्या सीसीएवर थांबा आणि उरलेले पैसे रिझर्व्ह कपॅसिटीवर घाला.

रिझर्व्ह कपॅसिटी म्हणजे सुमारे २७ अंशाला २५ ॲम्पिअरचा भार किती मिनिटं चालतो. अल्टरनेटर बंद पडला तर तेवढ्या वेळात तुम्हाला कुठेतरी पोहोचायचं असतं. १२० मिनिटं म्हणजे २५ ॲम्पिअरने दोन तास, ५० ॲम्पिअर-तास. स्टिकरवरचे ॲम्पिअर-तास सहसा २० तासांच्या संथ दराने मोजलेले असतात, म्हणून ते याहून मोठे दिसतात.

एक गंमत. सेल्फ दोन सेकंद २५० ॲम्पिअर ओढतो म्हटलं तरी खर्च होतो ०.१४ ॲम्पिअर-तास. अल्टरनेटर तो मिनिटाभरात भरून काढतो. सेल्फने बॅटरी उतरत नाही, इंजिन बंद ठेवून गाणी ऐकल्याने, दिवे लावून माल उतरवल्याने उतरते.

एकाच मापाच्या दोन बॅटऱ्या समोर असतील आणि काही सुचत नसेल तर दोन्ही उचलून बघा. जास्त जड ती घ्या. शिशाला खोटं वजन आणता येत नाही.

डिझेलमधल्या दोन बॅटऱ्या

मोठ्या डिझेल पिकअपमध्ये दोन बॅटऱ्या असतात आणि इथे चुका महाग पडतात. डिझेलचं कॉम्प्रेशन जास्त, त्यात ग्लो प्लग किंवा हवा तापवणारा हीटर सेल्फच्या आधीच भरपूर करंट खातो. बहुतेक गाड्यांत दोन्ही १२ व्होल्टच्या बॅटऱ्या समांतर जोडलेल्या असतात: व्होल्टेज १२ च, सीसीएची बेरीज.

समांतर जोडणीत दोघींवर मीटर लावला तर आकडा एकच येतो. त्यामुळे कोणती आजारी आहे हे जोडलेल्या अवस्थेत कळतच नाही. दोघींच्या मायनस केबल काढा, चार्ज करा, काही तास वेगळ्या ठेवा आणि मग एकेक तपासा. एक जरी गेलेली असली तरी बदलायच्या दोन्ही, एकाच मॉडेलच्या, एकाच आठवड्यात बनलेल्या मिळाल्या तर उत्तम. जुनी-नवी जोडी लावली तर जुनी रात्रभर नवीतून चार्ज ओढत राहते आणि वर्षभरात नवीला आपल्या पातळीवर आणते. दुसरी अजून चांगली आहे म्हणून जपण्यात काही वाचत नाही. फार तर ती घरच्या एखाद्या हलक्या कामाला ठेवा.

काही पिकअप आणि त्यांच्या जड भावंडांत २४ व्होल्ट असतात, म्हणजे दोन बॅटऱ्या एकामागे एक. तिथे टेप किंवा वायरलेससाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढायची घातक सवय आढळते. ती बॅटरी कायम अर्धपोटी आणि दुसरी कायम अति चार्ज, दोन्ही लवकर जातात. त्यासाठी २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर बसवा.

विंच, फ्रिज आणि मागचा संसार

सेल्फची बॅटरी छोट्या, जोरदार धक्क्यासाठी बनलेली असते. तिला रात्रभर फ्रिजवर राबवलं की प्लेटा सल्फेटने कडक होतात. विंच, म्हणजे अडकलेली गाडी ओढून काढणारी विजेची चरखी, कधीतरी आणि इंजिन चालू ठेवून वापरत असाल तर मोठ्या रिझर्व्हची एजीएम पुरते, जरी पूर्ण ताणाखाली विंच ४०० ॲम्पिअरपर्यंत ओढत असला तरी. फ्रिज, दिवे, लॅपटॉप असं काही इंजिन बंद असताना चालवायचं असेल तर मोठी सेल्फची बॅटरी हे उत्तर नाही. वेगळी डीप-सायकल (खोलवर रिकामी होणं सोसणारी) बॅटरी घ्या आणि मध्ये रिले, म्हणजे इंजिन चालू असतानाच दोन्ही जोडणारा स्विच, टाका. अल्टरनेटर स्मार्ट असेल किंवा मागे लिथियम असेल तर साधा रिले गोंधळतो, तिथे एका बॅटरीवरून दुसरी योग्य व्होल्टेजने भरणारा डीसी-डीसी चार्जरच हवा. दोन्ही टोकांना बॅटरीच्या जवळ फ्यूज लावल्याशिवाय ती लांबलचक केबल ओढू नका. चासीला घासून उघडी पडलेली केबल पिकअप जाळू शकते.

दुकानात

इथे मी हट्टी आहे. छापलेली तारीख दिसल्याशिवाय बॅटरी घेत नाही. बऱ्याच ठिकाणी महिना अक्षरात आणि वर्ष आकड्यात असतं: ए म्हणजे जानेवारी, बी फेब्रुवारी, असं पुढे, म्हणजे सी४ हा २०२४ चा मार्च. कंपन्यांच्या पद्धती वेगळ्या असतात, म्हणून दुकानदाराकडून वाचून घ्या. तीन महिन्यांच्या आतली उत्तम, सहा महिन्यांपलीकडची नको. फडताळावर बसलेली बॅटरीसुद्धा स्वतःहून उतरत असते, गरम गोदामात तर भराभर, आणि १२.४ च्या खाली राहिली की सल्फेट धरू लागतो. हे नुकसान चार्ज करून पूर्ण भरून निघत नाही. म्हणून मीटर खिशात ठेवा आणि पैसे देण्याआधी मोजा. १२.५ च्या खाली असेल तर दुसरी मागा. १०० सीसीए जास्त असलेल्या आठ महिन्यांच्या बॅटरीपेक्षा महिनाभराची साधी बॅटरी मी कधीही घेईन.

वॉरंटीत किती महिने फुकट बदलून मिळते आणि किती महिने वापराप्रमाणे सूट मिळते, हे वेगळं विचारा. ‘६० महिने’ या मोठ्या अक्षरांत दोन्ही मिसळलेले असतात. व्यापारी किंवा मालवाहू वापराला वॉरंटी निम्मी होते का, हेही विचारा. पिकअपवाल्यांचा दावा अनेकदा तिथेच अडतो.

बसवताना

इंजिन बंद, किल्ली बाहेर, अंगठी-कडं काढलेलं. केबल कशा जातात त्याचा फोटो काढून ठेवा. रेडिओला कोड लागत असेल तर तो आधी शोधा.

आधी मायनस काढा, मग प्लस. कारण सोपं आहे: प्लसवर पाना असताना तो पत्र्याला टेकला तर मायनस जोडलेली असताना शॉर्ट होतो, नसताना काहीच होत नाही. दोन बॅटऱ्या असतील तर दोघींच्या मायनस आधी सोडवा. एकीची जोडलेली राहिली तर दुसरीच्या प्लसमध्येही जीव असतो. पट्टी काढा आणि बॅटरी सरळ वर उचला. वजन १८ ते २५ किलो आणि पिकअपचं बॉनेट उंच, तेव्हा पाटावर उभे राहा, कमरेतून वाकून ओढू नका.

ट्रे आणि क्लॅम्प सोड्याच्या पाण्याने धुवा. फेस थांबेपर्यंत टाकत राहा, मग साध्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. क्लॅम्पची आतली बाजू तारेच्या ब्रशने चकचकीत करा. बॅटरी ठेवा, पट्टी आधी आवळा आणि हाताने हलवून बघा. गाडी हलली पाहिजे, बॅटरी नाही. मग प्लस, शेवटी मायनस. क्लॅम्प हातोडीने ठोकून बसवू नका, पसरवून बसवा. वरच्या टर्मिनलला ६ ते ८ न्यूटन-मीटर पुरतात, बाजूच्या टर्मिनलच्या बोल्टला ८ ते १०. शिसं मऊ असतं, दणकट मनगटाने ते सहज पिळवटतं. व्हॅसलीन किंवा ग्रीस आवळून झाल्यावर बाहेरून लावा, मधल्या सांध्यात नको.

मायनस क्लॅम्पवर छोटी डबी आणि बारीक प्लग दिसला तर तो बॅटरीचा सेन्सर आहे. तो ओढू नका, पान्याने पिळू नका. अशा गाडीला नवी बॅटरी टाकल्याचं स्कॅनरने सांगावं लागतं, नाहीतर ती जुनीच बॅटरी समजून चार्जिंगचा हिशोब करत राहते, स्टार्ट-स्टॉप बंद ठेवते किंवा ऐन वेळी उपकरणं तोडते. साधीची एजीएम केली असेल किंवा ॲम्पिअर-तास बदलले असतील तर तेही नोंदवून घ्या. फोर्ड एफ-१५० मध्ये २०११ पासून अशी देखरेख आहे, तेव्हा हे फक्त महागड्या सेडानचं प्रकरण नाही. आणि पुढे कधी चार्जर, जंपर किंवा विंच जोडाल तेव्हा मायनस टर्मिनलवर न जोडता चासीच्या अर्थिंगला जोडा. नाहीतर येणारा-जाणारा करंट सेन्सरला चुकवून जातो.

पहिला आठवडा

नवी बॅटरी बसवल्यावर पॉवर विंडोच्या काचांना वर-खालीची हद्द पुन्हा शिकवावी लागेल, वेळ लावावी लागेल, इंजिनचा आयडल एक-दोन दिवस चाचपडेल. हे दोष नाहीत. दुकानातून आलेली बॅटरी क्वचितच शंभर टक्के भरलेली असते आणि छोट्या फेऱ्यांत अल्टरनेटर तिला कधीच पूर्ण भरत नाही, म्हणून पहिल्याच रात्री चार्जर लावा. एजीएम असेल तर चार्जरवर एजीएमचा पर्याय निवडा आणि ‘रिपेअर’ किंवा तत्सम १५ व्होल्टच्या वर नेणाऱ्या बटणाकडे जाऊ नका.

आठवड्याने क्लॅम्प पुन्हा हाताने हलवून बघा, मऊ शिसं बसतं आणि ते थोडे सैल होतात. सकाळचं व्होल्टेज मोजा आणि बसवल्याच्या तारखेसह पक्क्या पेनने बॅटरीच्याच खोक्यावर लिहा. पावतीचा फोटो फोनमध्ये असू द्या, उष्णतेने छपाई उडते. जुनी बॅटरी उभी, आडवी न करता, गळत असेल तर प्लास्टिकच्या घमेल्यात ठेवून परत करा. शिसं वितळवून पुन्हा बॅटरीतच जातं, म्हणून दुकानदार तिचे पैसे देतो किंवा नवीच्या किमतीतून वजा करतो. तेवढं मागून घ्यायला विसरू नका.